‘लेक म्हणते पृथ्वी तापली, मी म्हणतो थोतांड’

‘ताई, नमस्कार. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे, वडिलांपासूनचा. वय ५७. मुलगी पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. पाडव्याला घरी आली होती. जेवताना विषय निघाला. मी म्हणालो, हे हवामानबदल वगैरे सगळं थोतांड आहे. गोऱ्यांनी दीड-दोनशे वर्षं कोळसा जाळून घेतला आणि आता आपली पाळी आली तर म्हणे पृथ्वी तापली. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा सोलापुरात गाड्या किती होत्या? हवेत कार्बन डाय ऑक्साइड ०.०४ टक्के, तेवढ्याने काय होणार? सूर्यच कमी-जास्त तापत असेल. २०३५ पर्यंत हिमालयातलं बर्फ संपणार म्हणाले होते, तेही खोटं निघालं. ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला पटवून घ्यायचंच नाही. पटलं तर खर्च करावा लागेल.” मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती निघून गेली. आधी एक दिवसाआड तिचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, “बाबा, उजनी किती?” आता सव्वा महिना झाला, फोन येतो तो आईला. त्यात परदेशी माल पाठवणारा एजंट म्हणतो, एका टॉवेलमागे किती कार्बन निघतो ते लिहून द्या, नाहीतर तिकडे कर बसेल. सोलरवाला म्हणतो, पाच वर्षांत पैसे वसूल, पुढे वीज फुकट. मी विश्वास कुणावर ठेवू? आणि शंका घेणं हा गुन्हा आहे का?’
– एक कारखानदार, सोलापूर

दादा,

शंका घेणं गुन्हा नाही. सूत घेताना तुम्ही व्यापाऱ्याच्या शब्दावर कधी गेला नसाल, काउंट तपासूनच माल उतरवून घेतला असेल. तीच सवय इथे लावलीत, यात वाईट काही नाही. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकच गोष्ट जाणवली. तुमच्या मनात शंका दोन आहेत आणि त्यांचा गुंता झाला आहे. पृथ्वी खरंच तापते आहे का आणि ती माणसामुळे तापते का, ही पहिली. त्याचं बिल कुणी भरायचं, किती भरायचं आणि भरलेल्या पैशाने काही काम होतं का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर मिळालेलं आहे. दुसरीचं अजून पुरतं मिळालेलं नाही, आणि तिथे तुमच्यासारख्या हिशेबी माणसाने ठणकावून प्रश्न विचारायलाच हवेत. तुम्ही मात्र दुसरीचा राग पहिलीवर काढता आहात. तुमच्या लेकीने नेमकं हेच ओळखलं, फक्त बोलली जरा टोचून.

बहात्तरपासून सुरू करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. १८७६-७७ चा दुष्काळ, १८९६ चा, १९७२ चा. सोलापूरच्या कपाळी दुष्काळ पहिल्यापासून आहे. प्रत्येक दुष्काळ तापमानवाढीमुळेच पडतो, असं कुठलाही जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाही. लेक तसं म्हणाली असेल तर ती चुकली, तिला खुशाल सांगा. शास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मंडळींनी २०२० साली केंद्र सरकारसाठी एक मोठा आढावा तयार केला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, असं त्यात आहे. ही वाढ जगाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. हवेतला धूर आणि सूक्ष्म कण ऊन काही प्रमाणात अडवतात, ओलिताखालचं क्षेत्र वाढलं त्याचाही परिणाम होतो. त्यामुळे ‘सोलापुरात ऊन पूर्वीपासूनच असं’ असं कुणाला वाटलं तर ते अगदीच हवेतलं नाही. पण त्याच आढाव्यात हेही आहे की १९५१ ते २०१५ दरम्यान देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी दूरवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० नंतर तिपटीने वाढल्या. म्हणजे एकूण पाऊस कमी आणि पडतो तेव्हा धो धो. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्याचा हा परिणाम. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला आलेला पूर आठवा. माढा, करमाळा, मोहोळकडची उभी पिकं गेली, कितीकांच्या रानातली मातीच वाहून गेली. त्या पुराचं खापर एकट्या तापमानवाढीवर मी फोडणार नाही. पण दुष्काळी जिल्ह्याला पुराचीही धास्ती लागली, हे आपण दोघांनी याच आयुष्यात पाहिलं.

आता तुमचे ०.०४ टक्के. दादा, हा प्रश्न डाईंग माहीत असलेल्या माणसाने विचारावा याचं मला नवल वाटलं. फिकट गुलाबी शेडसाठी कापडाच्या वजनाच्या मानाने रंग किती टाकता? एक टक्कासुद्धा नाही. तरी सबंध लॉट गुलाबी होतो, आणि रंग थोडा जास्त पडला तर खरेदीदार माल परत करतो. थोडं म्हणजे बिनकामाचं, असं नसतं. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून ९९ टक्के आहेत, पण जमिनीवरून वर जाणारी उष्णता ते अडवतच नाहीत. अडवतात ती पाण्याची वाफ, कार्बन डाय ऑक्साइड आणि असेच काही थोडके वायू. जॉन टिंडल यांनी हे १८५९ साली प्रयोगशाळेत मोजलं. हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्या सुमारे १५ अंशांऐवजी उणे १८ अंशांच्या आसपास राहिलं असतं. कार्बन डाय ऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचं गणित स्वीडनच्या स्वांते आर्हेनियस यांनी १८९६ साली मांडलं. तेव्हा आपल्याकडे लोक दुष्काळी कामांवर जात होते. कार्बन कर, सोलरवाला, परिषदा यांतलं तेव्हा काहीच नव्हतं. त्या गणितातून कुणाला दमडी मिळणार नव्हती. थोतांड पैशासाठी रचतात. हे शास्त्र पैशाच्या शंभर वर्षं आधीचं आहे.

१९५८ साली हवाईच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी हा वायू रोज मोजायला सुरुवात केली, तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग भरले. आज ते ४२० च्या वर आहेत. कारखाने येण्यापूर्वी सुमारे २८० होते. ही भर आपल्याच कोळशा-तेलाची कशावरून? तुम्ही सुताच्या कोनावरचा लॉट नंबर पाहून गिरणी ओळखता, तशीच खूण कार्बनलाही असते. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडल्या गेलेल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन उरत नाही, आणि जुन्या वनस्पतींसारखंच त्यात जड कार्बनचं प्रमाणही कमी असतं. हवेत वाढलेला कार्बन ही खूण घेऊनच आला आहे.

आणि सूर्य. १९७८ पासून उपग्रह सूर्याचं तेज मोजत आहेत. ते अकरा वर्षांच्या फेऱ्यात थोडं वर-खाली होतं, पण चढत गेलेलं नाही. त्याहून सोपा पुरावा तुमच्या घरातच आहे. थंडीत सोलापुरी चादर पांघरली की आत ऊब धरते, आणि चादरीच्या बाहेरच्या अंगाला हात लावला तर ते गारच लागतं. शेजारी शेकोटी मोठी केली असती तर आत आणि बाहेर दोन्हीकडे गरम झालं असतं. वातावरणाचंही तसंच आहे. सूर्य जास्त तापत असता तर खालची आणि वरची दोन्ही हवा तापली असती. मोजल्यावर दिसतं ते असं, की खालची हवा तापते आहे आणि वरचा थर, ज्याला स्थितांबर म्हणतात तो, गार होतो आहे. हे पांघरूण जाड झाल्याचं लक्षण आहे. स्युकुरो मानाबे यांनी १९६७ सालीच गणिताने हे सांगून ठेवलं होतं, आणि २०२१ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हिमालयाच्या गोष्टीवर मात्र मला थांबायचंय, कारण तिने मलाही हलवलं होतं. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २००७ च्या अहवालात २०३५ चा तो उल्लेख होता. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये आपलेच एक ज्येष्ठ भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिलेल्या टिपणात हिमनद्या इतक्या झपाट्याने संपतील या म्हणण्याला हरकत घेतली. त्यांची हेटाळणी झाली. दोन महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, समितीलाच चूक कबूल करावी लागली. तेव्हा पेपर हातात धरून मी बराच वेळ बसून होते. एवढी मोठी माणसं एवढं मोठं चुकतात, तर बाकीचं कशावर मानायचं? त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला कळलं, की तो आकडा मूळच्या शोधनिबंधातून आलाच नव्हता, न तपासलेल्या बातमीवजा मजकुरातून शिरला होता. आणि तो पकडला तो हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या लोकांनीच. बर्फ वितळतं आहेच. हिंदुकुश-हिमालयाच्या २०१९ च्या आढाव्यानुसार तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाअखेर तिथलं एक तृतीयांश बर्फ जाईल. रैनांची शंका रास्त होती, कारण त्यांनी मोजमापावर बोट ठेवलं. शंका अशी घ्यावी.

अमेरिकेत रिचर्ड मुलर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. तापमानाच्या नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता. तापमापक शहरांत आहेत, भोवती सिमेंट वाढलं म्हणून पारा चढलेला दिसतो, असं त्यांना वाटे. त्यांनी गट जमवून जगभरच्या नोंदी नव्याने तपासल्या. खर्चासाठी पैसा देणाऱ्यांत तेल उद्योगातल्या चार्ल्स कोक यांची धर्मादाय संस्थाही होती. २०१२ साली मुलर यांनी जाहीर केलं, की वाढ खरी आहे, खेड्यांतल्या तापमापकांतही तीच दिसते, आणि ती जवळपास सगळी माणसामुळे आहे. मालाची तपासणी करून घेणारा हा माणूस तुमच्याच जातकुळीचा.

आता बिलाकडे वळते, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

‘गोऱ्यांनी जाळलं आणि आपल्याला आवरा म्हणतात’ हा तुमचा राग सोळा आणे खरा आहे. आजवर जगात जळलेल्या कोळसा-तेलाच्या धुरात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश, आपला तीन-चार टक्के. आजही आपल्याकडे माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डाय ऑक्साइड निघतो, अमेरिकेत चौदाच्या आसपास. पण दादा, हा राग मांडायला पाया कुठला? जो धूर त्यांनी सोडला त्याने नुकसान होतं, हे आधी मान्य करावं लागतं. धुराने काही होतच नाही म्हणालात, तर त्यांच्याकडे मागायचं काय? थोतांड म्हणताना आपण आपलाच दावा फाडून टाकतो. १९९१ साली दिल्लीत पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी हे नीट ओळखलं होतं. एका अमेरिकी संस्थेने आपल्या भातखाचरांचा आणि गुराढोरांचा मिथेन मोजून भारताला मोठ्या दोषींच्या रांगेत बसवलं, तेव्हा त्यांनी शास्त्राला खोटं ठरवलं नाही. शास्त्र मान्य करून विचारलं, की पोटासाठी निघणारा धूर आणि चैनीसाठी निघणारा धूर एकाच तराजूत कसा तोलता? १९९२ च्या रिओ करारात जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही, हे तत्त्व आलं, त्यामागे असाच आग्रह होता.

आणि दूरवर केलेलं इथे कसं भोगावं लागतं, हे सोलापूरकराला शिकवायला नको. पाऊस पडतो मावळ-मुळशीत, दौंडला विसर्ग वाढतो, आणि त्यावर आपली उजनी भरते. तिकडे पाऊस नाही झाला तर इकडे नळ कोरडा. धरणाची ११७ टीएमसीची साठवण, त्यातलं अर्ध्याहून जास्त मृतसाठा. म्हणून तर आपल्याकडे पाणी ‘मायनस’मध्ये मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. तुमची लेक पुण्यात राहून ‘उजनी किती’ विचारते ते उगीच नाही.

हवामान धोरणाच्या अर्थशास्त्रात खरा वाद आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे. तो व्याजाच्या दराचा वाद आहे, म्हणून तुम्हाला चटकन कळेल. पन्नास वर्षांनी १०० रुपयांचं नुकसान होणार असेल तर ते टाळायला आज किती खर्च करावा? ब्रिटनचे निकोलस स्टर्न यांनी २००६ साली सुमारे १.४ टक्के दर धरला. त्या दराने आज ५० रुपये खर्च करणं परवडतं. अमेरिकेचे विल्यम नॉर्डहाउस म्हणाले, बाजारात भांडवलावर जो परतावा मिळतो त्याच्या जवळचा दर धरा. समजा साडेचार टक्के धरला, तर त्याच १०० रुपयांसाठी आज ११ रुपयेच घालणं शहाणपणाचं ठरतं. एवढ्या एका आकड्यावर ‘आजच झपाट्याने करा’ आणि ‘हळूहळू वाढवत न्या’ असे दोन पक्ष पडले. इथे शंकेला भरपूर वाव आहे. पण नॉर्डहाउस, ज्यांना २०१८ साली नोबेल मिळालं, तेही कार्बनवर कर लावा असंच सांगतात. भांडण किती आणि केव्हा याचं आहे. काहीच करू नका, असं त्यांच्यातला कुणी म्हणत नाही. मला स्वतःला स्टर्न यांचं जास्त पटतं. पन्नास वर्षांनंतर जन्मणाऱ्या माणसाचं घाम गाळणं माझ्या घामापेक्षा स्वस्त का धरायचं, याचं उत्तर मला कुठल्याही व्याजदरात सापडलेलं नाही.

सरकारी धोरणांवरच्या शंकेत तर मी तुमच्या बाजूला येऊन बसते. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. त्यातला बराच पैसा त्या कामापर्यंत पोचलाच नाही, आणि २०१७ नंतर तो जीएसटीच्या नुकसानभरपाईकडे वळला. इथेनॉलचं बघा. पेट्रोलमध्ये मिसळलं की हिरवं म्हणायचं, पण आपल्या जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आणि त्या उसाला पाणी त्याच उजनीचं. २०२३ ला पाऊस हटला आणि डिसेंबरात केंद्राला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घालावं लागलं. कमी पाण्याच्या भागातल्या उसाला हिरवं म्हणणं मला पटत नाही. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ म्हटलं, ते पुरे झाले २०२२ मध्ये, तेही बरेचसे कर्जाऊ. २०२४ ला बाकूमध्ये ३०० अब्जांचा ठराव रेटला गेला, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने तिथेच भर सभेत हरकत नोंदवली. हे सगळं लेकीला सांगा. ती वाद घालायची नाही, मान डोलावेल.

पण एका खर्चाकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही, आणि तो तुमच्याच शेडमध्ये होतो आहे.

गेल्या मे महिन्यात दुपारी तीनला मी आपल्याच गावातल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये गेले होते. वर पत्रा. खिडक्या बंद, कारण कोरड्या वाऱ्याने सूत कडक होतं. जमिनीवर पाणी मारलेलं, ते पाहता पाहता वाळत होतं. कापसाची पिंज घामाला चिकटून मागवाल्याच्या दंडावर, भुवयांवर पांढरा थर. दोन माग सांभाळत होता. धागा तुटला की माग थांबतो, तो वाकतो, टोकं शोधतो, गाठ मारतो, माग सुरू करतो, तोवर दुसरा थांबतो. मला म्हणाला, ‘उन्हाळ्यात धागा लई तुटतो, मॅडम. पीस कमी निघतात.’ पलीकडे कांड्या भरणारी बाई डोक्यावर ओला फडका घेऊन बसली होती, दर थोड्या वेळाने तो माठाशी जाऊन भिजवून आणत होती. तो माठही दुपारी कोमट झाला होता. मी मालकांना विचारलं, उन्हाळ्यात तोटा किती होतो? ते म्हणाले, विशेष नाही, पीसवर मजुरी आहे ना.

मला त्या रात्री झोप लागली नाही. त्यांचं उत्तर खोटं नव्हतं. वहीत तोटा दिसत नव्हता, कारण तो मागवाल्याच्या पगारात जाऊन बसला होता. पीस कमी, मजुरी कमी. उष्णतेचं बिल येतच होतं, फक्त ते भरणारा माणूस वेगळा होता. ‘गोऱ्यांनी जाळलं आणि आपण भोगतो’ हे तुम्ही ज्या पोटतिडकीने लिहिलंत, तीच तक्रार तुमच्या शेडमधला माणूस तुमच्याकडे करू शकतो. तो करत नाही, कारण त्याला उद्या कामावर यायचंय.

हे नुसतं माझं वाटणं नाही. अर्थतज्ज्ञ ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरतेच्या विणकाम कारखान्यांतल्या कामगारांच्या रोजच्या उत्पादनाच्या नोंदी आणि देशभरच्या कारखान्यांची आकडेवारी तपासली. २०२१ साली ते काम प्रसिद्ध झालं. वर्षाचं तापमान एका अंशाने वाढलं तर कारखान्याचं उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटतं, असं त्यांना आढळलं. ‘काही करायला पैसे लागतात’ म्हणताना ‘काही न केल्याचेही पैसे लागतात’ हा रकाना वहीत हवा.

आता कामाचं. एजंटला सांगा, की युरोपचा सीमेवरचा कार्बन कर सध्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत, हायड्रोजन आणि वीज यांवर आहे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यावी लागत होती, प्रत्यक्ष आकारणीचा काळ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला. टॉवेल त्या यादीत नाहीत. म्हणून कराची भीती घालून तो दर पाडत असेल तर पाडू देऊ नका. पण तिकडची मोठी दुकानं स्वतःच्या हिशेबासाठी आकडे मागतात, ते खरं आहे, आणि ते देणं अवघड नाही. तीन वर्षांची लाइट बिलं, बॉयलरला लागलेलं जळण आणि निघालेल्या मालाचं वजन, एवढ्यावर पहिला हिशेब बसतो.

सोलर पूर्वी महाग होतं, हे खरं. २०१० च्या सुमारास सौर विजेचा दर युनिटला दहा-बारा रुपये होता. २०१७ ला राजस्थानात भादला इथे तो २.४४ वर आला, २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात १.९९. ते मोठ्या प्रकल्पांचे दर, छतावर तेवढं स्वस्त पडत नाही. पण दहा वर्षांपूर्वीच्या अंदाजावर आजचा निर्णय घेऊ नका. त्याचबरोबर ‘पाच वर्षांत वसूल’ हे डोळे झाकून मानू नका. एक किलोवॅटमागे वर्षाला साधारण १४०० ते १५०० युनिट धरा, त्याहून जास्त सांगणाऱ्याला लेखी मागा. यंत्रमागाला विजेत सवलत मिळते, त्यामुळे तुमचं वाचणारं युनिट मुळातच स्वस्त असतं आणि वसुली लांबते. सोलरवाला हा मुद्दा बहुधा बोलणार नाही. रात्रपाळीला सोलर नसतं. जुना पत्रा आणि कैच्या वजन पेलतील का, ते आधी बघून घ्या. पॅनलवर आपल्याकडची धूळ बसणार, ती धुवायला पाणी लागणार, आणि ते नळाला किती दिवसांनी येतं ते तुम्ही जाणता. घराचं गणित सोपं आहे. केंद्राच्या योजनेत घराच्या छतावर तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. कारखान्याला ते नाही. घरापासून सुरुवात करा.

आणि त्याच्याही आधी पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग द्या, छताला हवा खेचणारे पंखे बसवा, डाईंगला वाफ कुठे गळते ते बघा. हा खर्च त्यामानाने किरकोळ आहे. मागवाल्याला त्याचा गुण याच उन्हाळ्यात येईल.

राहता राहिली लेक. ‘पटलं तर खर्च करावा लागेल’ हे तिचं वाक्य तुम्हाला लागलं, कारण तिने तुमच्या हेतूवर बोट ठेवलं. तिने तसं म्हणायला नको होतं. पण तुम्ही ती जे शिकते आहे त्यालाच थोतांड म्हणालात, दादा, आणि ते शिकवायला पैसे तुम्हीच भरता आहात. तिला काय वाटलं असेल? सुट्टीत ती आली की तिच्याशी वाद घालू नका, तिला शेडमध्ये न्या. दुपारी तीनला न्या. तापमापक तिला लावू द्या, एक खाली मागाजवळ, एक वर पत्र्याखाली. बिलांची फाइल आणि पीसची वही तिच्यापुढे ठेवा. व्याजाचा दर तुम्ही ठरवा, हिशेब तिला करू द्या. जिथे तिचं पुस्तक तुमच्या वहीशी जुळणार नाही तिथे दोघांनी भांडा, पण ताटावर नको.

फोनची वाट बघू नका. आज रात्री तुम्हीच लावा. आईला आलेला फोन मधेच हातात घेऊ नका, वेगळा करा. काय बोलावं सुचलं नाही तर तिने विचारायच्या आधी उजनीचा आजचा आकडा सांगा.

– तुमची ताई